वाजणारी बटणं

"हे बटण दाबून बघा अप्पा. मग त्याच्या शेजारचं. घाई करू नका, माझ्या मीटिंगला अजून वेळ आहे."

अभिमन्यूनं वडिलांसमोर टीपॉयवर प्लास्टिकची एक लहानशी पट्टी ठेवली होती. तिच्यावर रंगीबेरंगी बटणं रांगेनं बसवलेली. सोमलिंग सरांनी चष्मा नाकावर नीट बसवला, उजव्या हाताची तर्जनी पुढं केली, मग काहीतरी आठवून ती मागं घेतली आणि करंगळी पुढं केली.

"करंगळीनं कशाला?"

सरांनी मांडीवरच्या लॅपटॉपवर टाइप केलं. भिंतीवर टांगलेल्या स्क्रीनवर मोठी अक्षरं उमटली. 'तर्जनीला काहीही जमतं. बटणाची परीक्षा करंगळीनं करायची.'

अभिमन्यू हसला. सॉफ्टवेअरमधली नोकरी, दिवसभर घरातल्या आतल्या खोलीत बसून परदेशातल्या लोकांशी बोलायचं, आणि इथं वडिलांपुढं पुन्हा पहिल्या धड्यावर.

सोमलिंग सरांचा सात रस्ता चौकात टायपिंगचा क्लास होता. खाली कापडाचं दुकान, वर क्लास. सोलापुरातली अर्धी कचेरी माझ्या हाताखालून गेली, असं ते सांगत. त्यातली अतिशयोक्ती वजा केली तरी बरंच काही उरायचं. सरांचा गळा हीच क्लासची जाहिरात. सगळी मशीनं एकदम खडखडत असताना "मान वर, बोटांकडं बघू नका" हा त्यांचा हुकूम खाली कापड फाडणाऱ्या दुकानदाराला ऐकू जायचा. घरीही तोच गळा. हॉलमध्ये बसून "अगं" म्हटलं की स्वयंपाकघरातून बायकोचं, महेश्वरीचं, "थांबा, आले" ठरलेलं. ती लगेच कधीच येत नसे, हा भाग वेगळा. पण उत्तर यायचं.

गेल्या वर्षी घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि स्वरयंत्र काढून घेतलं. गळ्याच्या मुळाशी श्वासापुरतं भोक राहिलं. त्यावर महेश्वरी रोज सकाळी धुतलेला पांढरा रुमाल बांधते. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, पण त्यातून निघणारी घरघर ऐकून सरांनी ते डबीत घातलं आणि डबी कपाटात. मग अभिमन्यूनं टाइप केलेलं वाचून दाखवणारा प्रोग्राम आणला. त्यात बाई बोलायची. पहिल्याच दिवशी बाईनं हॉलमधून "चहा टाक" म्हटलं, तशी महेश्वरी लाटणं घेऊनच बाहेर आली. "कोण हाय ही? आणि मला चहा टाक म्हणतीय?" प्रोग्राम त्याच दिवशी बंद झाला. शेवटी हा स्क्रीन राहिला. सरांनी टाइप करायचं, घरच्यांनी वाचायचं.

पण सरांची बोटं लोखंडी मशीनवर तयार झालेली. लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर ती नुसती आपटायची. दोन बटणं उखडली. बाकीच्यांची अक्षरं कधी उमटतात, कधी नाही, ते कळेना. 'बोलताना दाताखाली खडे आल्यासारखं होतं,' असं त्यांनी एकदा लिहिलं आणि ते अभिमन्यूच्या मनाला लागलं. त्याच्या ऑफिसातली मुलं स्वतःचा कीबोर्ड स्वतः जुळवायची. पेटी एकीकडून, प्रत्येक बटणाखालचा खटका दुसरीकडून, वरच्या टोप्या तिसरीकडून. अप्पांच्या बोटांना हवा तसाच कीबोर्ड करायचा, असं त्यानं ठरवलं. त्यासाठीच ही नमुन्याची पट्टी.

सरांनी लाल बटण दाबलं. ते सरळ खाली गेलं, कुठं अडलं नाही. त्यांनी नाक मुरडलं. तपकिरी बटण मध्ये जरासं अडलं आणि सुटलं. सरांची मान डोलली. मग त्यांनी निळं दाबलं आणि 'टक्' असा खणखणीत आवाज झाला.

"काय वाजलं ओ?" स्वयंपाकघरातून महेश्वरीनं विचारलं आणि हात पुसत दारातही येऊन उभी राहिली.

"काय नाही अव्वा. बटण आहे." अभिमन्यू आईला म्हणाला आणि वडिलांकडं वळला. "हे नको अप्पा. हे लई वाजतं. माझ्या मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल."

सरांना ते पटलं. मशीन बडवायचं नसतं, हे त्यांनीच जन्मभर पोरांना शिकवलं होतं. शिवाय आपल्या दुखण्यानं घराचं सगळं तंत्र बिघडलंय, त्यात आणखी आपली खडखड नको, असंही त्यांच्या मनात आलं. ते मात्र त्यांनी टाइप केलं नाही. पट्टीच्या शेवटी एक राखाडी बटण होतं. बोटाला छान अडायचं, करंगळीला हलकं लागायचं आणि आवाज म्हणाल तर कापसावर बोट टेकल्याइतका. सरांनी ते चार वेळा दाबलं आणि लिहिलं, 'हेच.'

बाकीची निवड करताना बापलेकांचा दिवस मजेत गेला. दोन्ही करंगळ्यांच्या वाट्याला येणाऱ्या बटणांत हलक्या स्प्रिंगा घालायच्या, हे सरांचं म्हणणं. पेटी जड हवी, टाइप करताना सरकता कामा नये. अक्षरांच्या जागा जुन्या टायपरायटरवर होत्या तिथंच. टोप्यांचा रंग जुन्या मशीनसारखा गडद हिरवा. आणि टोप्यांवर अक्षरं नकोत.

"कोऱ्या टोप्या? मग दुसऱ्या कुणाला वापरता कसं येईल?"

'अक्षरं बघून टाइप करणाऱ्याला मी क्लासबाहेर उभं करायचो,' स्क्रीनवर उमटलं. अभिमन्यूनं टोप्या कोऱ्याच मागवल्या. लहानपणी तोही क्लासबाहेरच्या जिन्यात उभा राहिला होता.

सामान आलं त्या शुक्रवारी नमाज आटोपून चांदसाबही आला. चांदसाब म्हणजे क्लासच्या मशीनांचा मेकॅनिक. क्लास बंद झाल्यावर तो प्रिंटर दुरुस्त करायला लागला, पण शुक्रवारचा सरांकडचा चहा त्यानं सोडला नव्हता. लांब बटणाखालची तार खुळखुळत होती, तिला त्यानं आपल्या बारीक ब्रशनं ग्रीस लावलं. खटके बसले, टोप्या बसल्या. सरांनी हात ठेवले आणि त्यांचे खांदे आपोआप खाली आले. कित्येक महिन्यांत असे ते बसले नव्हते.

"बोला काय तरी सर," चांदसाब म्हणाला.

'चांदसाब, तुझा चहाचा कप आमच्या घरातला सगळ्यात मोठा कप आहे.'

"क्या सर. एवढं मशीन जुळवलं आणि पहिलं वाक्य हे." चांदसाब हसता हसता कीबोर्डजवळ कान नेऊन थांबला. "पण ह्याचा आवाजच नाही की. चालू हाय का बंद, कळंना."

'तेच तर,' सरांनी ऐटीत लिहिलं.

ऐट फार दिवस टिकली नाही.

क्लासची जागा मालकाला परत द्यायची होती. परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्यापासून मशीनं तिथंच चादरीखाली पडून होती. सरांनी ओळखीच्या शाळांना विचारून पाहिलं होतं, फुकटसुद्धा कुणी नेईना. शेवटी भंगारात द्यायची, हे सरांनीच मनाशी पक्कं केलं होतं. सगळी द्यायची, एक सोडून. मागच्या खिडकीजवळचं मशीन. नवीन आलेल्या प्रत्येक पोराचं पहिलं बोट सर त्याच मशीनवर ठेवत. खंडेनवमीला सगळ्या मशीनांच्या वतीनं हळदकुंकू त्या एकालाच लागायचं, इतकं, की त्याच्या कपाळावरचा लाल डाग पुढं पुसून निघेना. ते मशीन घरी आणायचं, हॉलमध्ये ठेवायचं. हे सांगायला फार काही लागणार नव्हतं. एक वाक्य.

रविवारी महेश्वरीचा धाकटा भाऊ तिप्पण्णा टेंभुर्णीहून टेम्पो घेऊन आला. मनाचा मोठा माणूस, पण बोलायला लागला की वळणावरसुद्धा ब्रेक लावत नाही. तो नेमका स्क्रीनखालच्या खुर्चीत बसला, कारण पंख्याचं वारं तिथं लागतं. त्याच्यासमोर महेश्वरी शेंगापोळीची ताटली घेऊन. अभिमन्यूचा फोन संपत आला होता, तो त्यानं सोफ्याजवळ चार्जिंगला लावला आणि मामापाशी येऊन बसला.

"दाजी, तुमी काय बी काळजी करू नगा," तिप्पण्णा म्हणाला. "चिंचोळीच्या रस्त्याला माझ्या वळखीचा भंगारवाला हाय. दुपारच्या आत समदं नेऊन टाकतो. अक्का, तू बी चल, चावी मालकाच्या हातात देऊन येऊ."

सरांनी टाइप केलं. 'खिडकीजवळचं मशीन द्यायचं नाही. ते घरी आणा.'

अक्षरं तिप्पण्णाच्या डोक्यावर उमटली. तिप्पण्णाला ती दिसणं शक्यच नव्हतं. महेश्वरी भावाच्या तोंडाकडं बघत होती. फार दिवसांनी आलेला भाऊ. ती दुसरीकडं कशाला बघेल? आणि अभिमन्यू मामाला टेम्पो नेमका कुठल्या बोळातून क्लासपाशी लावायचा ते हातवारे करून समजावत होता.

सर थांबले. माणसं बघतील, म्हणून थांबले. मग त्यांनी खाली लिहिलं, 'महेश्वरी, वर बघ.'

महेश्वरीनं भावाला त्याच्या मुलीच्या सासरचं विचारलं. सरांच्या हाताखाली बटणं कापसासारखी दबत होती, कानाला गुदगुल्याही होत नव्हत्या. त्यांनी तिसरी ओळ लिहिली. 'अरे, माझं ऐका.'

टाळी वाजवता आली असती. ऑपरेशननंतर सुरुवातीला ते टाळी वाजवत. पण टाळी वाजवून माणूस कावळे हाकलतो. बायकोशी बोलायला टाळी लागावी, हे त्यांच्या मनाला पटेना, म्हणून त्यांनी ती सोडली होती. ते उठले. तिप्पण्णाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी वर बोट दाखवलं. तिप्पण्णानं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरून आले होते, अगदी मनापासून.

"व्हय दाजी. वरच्याची इच्छा. तुमी बसा. आमी हाय की."

आणि त्यानं सरांना धरून, जपून, परत त्यांच्या खुर्चीत बसवलं. मग तिघंही उठून जिना उतरले. गळ्यात उघडं भोक असलेल्या माणसानं धुळीत जायचं नाही, ही डॉक्टरांची ताकीद. त्यामुळं सरांनी बरोबर यायचा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. पेशंटची काळजी घेणारं घर होतं ते. सर दारापर्यंत गेले, तोवर खाली टेम्पो सुरू झाला होता.

त्यांनी फोन घेतला आणि काचेवर एका बोटानं अभिमन्यूला निरोप लिहिला. निरोप पोचल्याची घंटी सोफ्याजवळच वाजली. महेश्वरीला आणि गाडी चालवणाऱ्या तिप्पण्णाला निरोप वाचायची सवय नव्हती, म्हणून मग त्यांनी चांदसाबला लिहिलं.

चांदसाब कुणाच्या तरी प्रिंटरमध्ये हात घालून बसला होता. निरोप वाचला तसा तो स्कूटर काढून क्लासवर गेला. खोली झाडून रिकामी झाली होती. तिथून तो चिंचोळीच्या रस्त्याला गेला. सरांकडं येऊन बसला तेव्हा त्यानं चहाला नको म्हटलं.

"गेलं सर. आल्याबरोबर फोडायलाच घेतलं होतं त्यांनी. लोखंड एकीकडं, बाकीचं एकीकडं. कुठलं कुणाचं, मलाबी कळंना."

महेश्वरी आणि अभिमन्यू घरी आले, ते एक मोठं काम उरकल्याच्या आनंदात. तिप्पण्णा परस्पर टेंभुर्णीला गेला होता. अभिमन्यू फोन घ्यायला हॉलमध्ये आला आणि त्यानं वर बघितलं. तिन्ही ओळी तशाच होत्या. सरांनी त्या पुसल्या नव्हत्या.

"मी बघितलोच नाही अप्पा," तो म्हणाला. "समोरच बसलो होतो की मी. बघितलोच नाही."

महेश्वरीनं ओळी वाचल्या. "तुम्ही मला एक हाक मारायची की हो," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला कळलं. तोंडाला पदर लावून ती आत गेली.

सर कुणावर रागावले नाहीत. रागवायचं तरी कुणावर? मशीन गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून खोल काहीतरी लागलं होतं. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत बसून ते बोलत होते आणि घर त्यांच्या अंगावरून पुढं निघून गेलं होतं. बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनं विकलं जात नाही, ही म्हण ते लाजाळू पोरांना ऐकवायचे. इथं तर सोनं भंगारात गेलं. त्यानंतर स्क्रीनवर 'हो', 'नको', 'चालेल' एवढंच दिसायला लागलं. अभिमन्यू येता-जाता मुद्दाम वर बघायचा. बघायला काही नसायचं.

एका सकाळी सर टीपॉयच्या खणात औषध शोधत होते. हाताला ती नमुन्याची पट्टी लागली. रिकामपणी त्यांनी बटणं दाबून पाहिली. लाल, तपकिरी, निळं.

टक्.

"काय वाजलं ओ?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

सरांचा हात तिथंच राहिला. जरा वेळानं त्यांनी पुन्हा निळं दाबलं.

"अहो, काय वाजतंय?" महेश्वरी पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. "काय पडलं का? काय पाहिजे?"

सर तिच्याकडं बघत राहिले. ऑपरेशन झाल्यापासून ती त्यांच्याजवळ शंभर वेळा आली असेल. औषध द्यायला, रुमाल बदलायला, पांघरूण सारखं करायला. पण सगळं तिच्या मनानं. त्यांनी बोलावलं आणि ती आली, असं टाळी सोडल्यापासून पहिल्यांदाच झालं होतं.

संध्याकाळी त्यांनी अभिमन्यूला खुर्ची देऊन समोर बसवलं आणि मगच टाइप केलं. 'निळे खटके मागव. सगळ्या बटणांना.'

"निळे? अप्पा, ते लई वाजतात. राखाडी तुम्हीच पसंत केले की. बोटांना किती छान आहेत."

'बोटांनाच विचारलं होतं. कानांना विचारायचं राहिलं. चूक माझी.'

"पण माझ्या मीटिंगमध्ये—"

'तू दार लावून घे.'

अभिमन्यूनं ती ओळ दोनदा वाचली. वडील असे बोलल्याला फार दिवस झाले होते. क्लासच्या जिन्यात उभं करणारे वडील हेच. "बरं," तो म्हणाला, आणि त्याला बरंही वाटलं.

खटके आले तसा चांदसाब आला. एक एक टोपी काढायची, चिमट्यानं राखाडी खटका उपसायचा, निळा बसवायचा, टोपी परत. चांदसाब उपसत होता, सर बसवत होते. हलक्या स्प्रिंगांचे खटके करंगळीच्या जागी जातायत ना, ते सर प्रत्येक वेळी करंगळीनंच तपासत होते. काम संपल्यावर चांदसाबनं सगळ्या बटणांवरून एक हात फिरवला. खोलीभर टकटकाट झाला.

"आता कसं मशीन वाटतंय," तो म्हणाला. मोठ्या कपातला चहा संपवून, दिव्याच्या काचेसारखा जपून आपला ब्रश खिशात ठेवून तो गेला.

दुपारची वेळ होती. आतल्या खोलीत अभिमन्यूची मीटिंग चालू होती. स्वयंपाकघरात महेश्वरी शेंगाचटणी कुटत होती, खलबत्त्याचा ठोका एकसारखा येत होता. सरांनी कीबोर्ड मांडीसमोर ओढला, पाठ ताठ केली आणि मान वर धरली. कुणाला काही सांगायचं नव्हतं. बोटं आपोआप पहिल्या धड्यावर गेली, चार बोटं या हाताची, चार त्या हाताची, करंगळीपासून तर्जनीपर्यंत आणि परत. सगळ्या पोरांना शिकवला तोच धडा. टक्, टक्, टक्, टक्. आतल्या खोलीचं दार हळूच लागल्याचं त्यांना ऐकू आलं.

मग खलबत्ता थांबला.

"थांबा, आले," महेश्वरी स्वयंपाकघरातून म्हणाली.

सरांची बोटं बटणांवर तशीच राहिली. स्क्रीनवर पहिल्या धड्याची अर्थ नसलेली अक्षरं होती. त्यांनी डोळे पुसले, मग ती अक्षरं पुसली, आणि ती आल्यावर तिला काय सांगायचं याचा विचार करत, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत बसले.

खलबत्त्याचा ठोका पुन्हा सुरू झाला होता. तिला यायला वेळ होता. तो नेहमीच लागायचा.